काढा कशाला सांगायचा?

बाबांच्या दंडावर डाग उमटला होता. बीपीचा पट्टा बांधतात बरोबर तेवढ्या रुंदीचा, काळसर जांभळा, शाई टिपकागदावर पसरावी तशा धूसर कडांचा. आदल्या संध्याकाळी मीच त्यांचं बीपी मोजलं होतं, तेव्हा काही नव्हतं. सकाळी शर्ट बदलताना दिसला.

"दुखतंय का?"

"नाही गं. दात घासताना थोडं रक्त येतंय कालपासून, पण ते काय, म्हातारपण."

बाबांच्या हृदयात धातूची झडप आहे. ती बसवली त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ते वॉरफॅरिनची गोळी घेतात. धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त जरा सैल ठेवायचं, पण इतकंही सैल नाही की हात लागला तरी कातडीखाली रक्त उतरेल. ही कसरत आयएनआर नावाच्या एका आकड्यावर चालते. निरोगी माणसाचा तो 1 च्या आसपास असतो, बाबांचा 2.5 ते 3.5 मध्ये राहायला हवा. त्या दिवशी तो 6.1 आला.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, दंड पाहिला, चष्मा काढून ठेवला. "काका, मधे नवीन काही औषध सुरू केलंत?"

"नाही हो. ताप होता चार दिवस, म्हणून पॅरासिटामॉल घेतली. बाकी नेहमीचंच."

"दुसरं काही?"

"काही नाही," बाबा म्हणाले. मीही मान डोलावली.

आणि ती मान डोलावतानाच ओट्यावरचं ते पातेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं. तळाला तपकिरी कड धरलेलं, दिवसातून दोनदा शेगडीवर चढणारं. आत्या आली होती. भावाला ताप म्हटल्यावर तिला राहवेना. गुळवेलीच्या काड्या ठेचून, ज्येष्ठमध, सुंठ, मिरी, हळद घालून ती पाणी चौथ्या हिश्श्यावर आटवायची. चारही दिवस तो काढा गाळला होता मी. माझ्या हाताने, गाळणीतून. तरी मी मान डोलावली.

आम्ही खोटं बोललो नव्हतो, पण खरंही सांगितलं नाही. डॉक्टरांनी औषधाचं विचारलं होतं, आणि काढा हे काही आमच्या हिशेबात औषध नव्हतं. औषध म्हणजे ज्याला चकाकणारं वेष्टन असतं, ज्याच्यावर मुदत छापलेली असते. काढा हा काढाच. बरं वाटावं म्हणून घ्यायचा, नाही वाटलं तर सोडून द्यायचा. गंमत अशी की तोच काढा आत्याच्या हिशेबात मात्र खरं औषध होता आणि गोळ्या म्हणजे नाइलाज. एकाच घरात "औषध" या शब्दाचे दोन अर्थ नांदत होते, आणि डॉक्टरांचा प्रश्न त्या दोहोंच्या फटीतून खाली पडला.

दारापर्यंत गेल्यावर मी मागे वळून सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि म्हणाले, "बसा. काय काय होतं त्यात?"

त्या प्रश्नानंतर मी बरेच दिवस या विषयाच्या मागे लागले. थोडी अपराधी होते म्हणून, आणि थोडी त्या वॉरफॅरिनचं मूळ कळल्यावर हसू आलं म्हणून.

वॉरफॅरिनची गोष्ट गोठ्यात सुरू होते. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडातली गुरं एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगं कापली की रक्त थांबेना. या सगळ्या गुरांनी स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाल्ला होता, आणि तो ओला राहून बुरसलेला होता. 1933 च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसट चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. सहा वर्षांनी लिंक यांच्या चमूने त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळं काढलं. वाळल्या गवताला जो गोडसर वास येतो तो कुमारिनचा. बुरशी त्याच कुमारिनपासून रक्त पातळ करणारं रसायन बनवते. त्यावरून पुढे वॉरफॅरिन तयार झालं, 1948 मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं, आणि 1954 मध्ये माणसांसाठी मान्य झालं.

म्हणजे बाबांची ती गुलाबी "ॲलोपथीची" गोळी मुळात बुरसलेल्या गवताची नात. आणि तापावरच्या ॲस्पिरिनचंही तेच. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने सहज विलो नावाच्या झाडाची साल चघळली, ती कडू लागली. तेव्हा तापावर चालणारी सिंकोनाची साल अशीच कडू असे, म्हणून त्याला शंका आली. त्याने ती साल पिशवीत भरून तीन महिन्यांहून जास्त काळ पाव भाजण्याच्या भट्टीला बाहेरून टेकवून वाळवली, कुटली आणि थंडीतापाच्या सुमारे 50 रोग्यांना दिली. 1763 मध्ये त्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. 1828 मध्ये सालीतून सॅलिसिन निघालं, 1897 मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड शुद्ध स्वरूपात बनवलं, आणि 1899 मध्ये त्याला ॲस्पिरिन हे नाव मिळालं. त्यातला "स्पिर" हा स्पायरिया या दुसऱ्या एका वनस्पतीचा. तिच्यातही हेच सॅलिसिलिक द्रव्य असतं.

हे सांगायचं कारण असं की "वनस्पती ती निरुपद्रवी आणि गोळी ती कडक" ही विभागणी इथेच ढासळते. विलोच्या सालीचा अर्क घेणारा माणूस सौम्य का होईना, सॅलिसिलेटच घेत असतो. ॲसिटिलचा तुकडा नसल्याने तो रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटच्या ॲस्पिरिनइतका मागे लागत नाही, हे खरं. पण वॉरफॅरिनवर असलेल्याने, पोटात अल्सर असलेल्याने, किंवा डेंग्यूची शंका असताना तो "फक्त झाडाची साल" म्हणून घ्यावा का? फ्लू किंवा कांजण्यांच्या तापात लहान मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत, कारण त्यातून रे सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो. सालीलाही तीच सावधगिरी लागू होते. वेष्टनावर पानाचं चित्र आहे म्हणून यकृत वेगळा कायदा लावत नाही.

यकृताचं काम मला अडत्यासारखं वाटतं. येणारा प्रत्येक माल त्याच्याकडून जातो. त्याच्याकडे सायटोक्रोम पी-450 या घराण्यातले कामगार आहेत, ते औषधं मोडून बाहेर पाठवतात. आता आपण दुसरा एखादा पदार्थ आत सोडला आणि त्याने त्या कामगारांना अडवून धरलं, तर पहिलं औषध मोडलं जात नाही, रक्तात साचत जातं. उलट त्याने कामगारांची संख्याच वाढवली, तर औषध काम करण्याआधीच बाहेर पडतं. पहिल्यात विषबाधा, दुसऱ्यात औषध निकामी.

यातला अडवण्याचा प्रकार केवढा मोठा असतो हे योगायोगाने कळलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातले डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते पाहत होते. स्वयंसेवकांना दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली. रक्तातलं औषध भलतंच चढलं, आणि दोष दारूचा नव्हता, रसाचा निघाला. तो रस आतड्याच्या अस्तरातल्या त्याच कामगारांना गारद करतो. उलटा प्रकार 2000 साली झ्युरिकमध्ये दिसला. हृदय बदललेल्या दोन रोग्यांनी उदासीसाठी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतली, शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी कोसळली, आणि शरीर ते हृदय नाकारू लागलं.

इथे एक गोष्ट थोडं थांबून सांगायला हवी, कारण ती मला स्वतःला माहीत नव्हती आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला खोटी वाटते. "गोळी आणि काढ्यात दोन तासांचं अंतर ठेवा म्हणजे झालं," असं सगळेच सांगतात. मीही तसंच केलं होतं, घड्याळ बघून. अंतराचा उपयोग होतो, पण एकाच बाबतीत: दोन पदार्थ पोटात एकमेकांना चिकटणार असतील तर. काढ्यातलं टॅनिन लोहाच्या गोळीला धरून ठेवतं, बुळबुळीत तंतू गोळी लवकर शोषू देत नाहीत, तिथे दोन तास कामाचे. पण भांडण यकृतात असेल तर दोन तासांनी काय होणार? वॉरफॅरिन रक्तात अर्ध्यावर यायला सरासरी 40 तास घेतं. ग्रेपफ्रूटचा परिणाम एका ग्लासाने दिवसभर आणि त्याहून जास्त टिकतो. सेंट जॉन्स वर्ट बंद केल्यावर यकृताला मूळपदावर यायला दोनेक आठवडे लागतात. मी सकाळी आठला काढा आणि दहाला गोळ्या देत होते, आणि त्या दोघांची गाठ आत रोज पडत होती.

आता आत्याचं पातेलं.

मिरी. तिच्यातलं पायपरीन औषधं शोषून घेण्याच्या वाटा मोकळ्या करतं आणि त्यांना बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेला ढिलं करतं. 1998 च्या एका अभ्यासात हळदीतल्या 2 ग्रॅम करक्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर माणसांच्या रक्तात करक्युमिन जवळपास 20 पट पोचलं. हळदीबरोबर मिरी घालायला सांगतात ते म्हणूनच, आणि हे सांगणारे बहुतेक वेळा इथेच थांबतात. पण ज्या दारातून हळद आत येते त्याच दारातून बाकीचंही येतं. रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफिलिन, फिटचं फेनिटॉइन यांची पातळी पायपरीनने वाढते हे नोंदलेलं आहे. आणि ती मिरी चिमूटभर आहे की मूठभर, यावर सगळं अवलंबून.

ज्येष्ठमध. याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसला, कारण तो गोड असतो, आणि गोड वस्तूवर कुणी संशय घेत नाही. कॉर्टिसॉल हे आपल्याच शरीरातलं संप्रेरक. ते मूत्रपिंडात मीठ धरून ठेवणाऱ्या कुलपात बसू शकतं, म्हणून तिथे एक विकर त्याला आधीच बोथट करून ठेवतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन पोटात गेल्यावर त्या विकरालाच झोपवतं. मग कॉर्टिसॉल कुलूप उघडतं, मीठ-पाणी अंगात साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. बाबा फ्युरोसेमाइड घेतात, ज्याला घरात "लघवीची गोळी" म्हणतात. तीही पोटॅशियम घालवते. ज्याला डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू आहे त्याच्या हृदयाला ही पोटॅशियमची घट आणखी महागात पडते. एक-दोन दिवसांच्या घोटाने हे होत नाही, पण "फायदा झाला, चालू ठेवा" म्हणून महिनाभर ढकललं की होतं.

गुळवेल. 2020-21 मध्ये करोनाच्या भीतीने लोक ती रोज पिऊ लागले आणि काही जणांना कावीळ झाली. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी आधी 6 रोग्यांची नोंद छापली, पुढे अनेक रुग्णालयांनी मिळून 43 रोग्यांची. त्यांत बऱ्याच जणांच्या यकृतावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेलीला दोष देणं बरोबर नाही, तिच्याच जातीची दुसरी वेल घेतली गेली असेल. हा वाद माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. पण त्या उत्तरातच एक भीती दडली आहे: वेल कुठली हे घेणाऱ्याला कळतच नसेल तर? नावांचा घोळ तर विचारूच नका. तापावरचं ओलेकिराईत आणि तापावरचं काडेकिराईत या दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत, दोन्ही कडूजहर, आणि वाळवून चुरा केल्यावर ओळखणार कोण? प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ज्यांना चालू आहेत, त्यांनी प्रतिकारशक्ती चेतवणारी वेल प्यायची म्हणजे एकाच गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबणं.

एवढं वाचून झाल्यावर मला गुन्हेगार सापडल्यासारखं वाटलं. मी डॉक्टरांकडे यादी घेऊन गेले. त्यांनी ती वाचली आणि माझा उत्साह मावळवला.

"संशयित चार आहेत," ते म्हणाले. "काढा त्यांतला एक."

पहिला संशयित खुद्द ताप. हे मला कधी सुचलंच नसतं. अंगात संसर्ग असला की प्रतिकारशक्तीचे संदेशवाहक रेणू यकृतातल्या त्या कामगारांना मंद करतात. 1980 च्या इन्फ्लुएन्झा बी च्या साथीत अमेरिकेत दम्याच्या मुलांना नेहमीच्याच मात्रेत थिओफिलिनची विषबाधा झाली होती. मात्रा तीच, मूल तेच, मधे आला तो फक्त ताप. शिवाय तापात रक्त गोठवणारे घटक लवकर झिजतात, म्हणजे वॉरफॅरिनचा जोर आपोआप वाढतो. दुसरा संशयित उपास. बाबा चार दिवस नीट जेवले नव्हते, आणि अन्नातून येणारं के जीवनसत्त्व हेच वॉरफॅरिनला आवर घालणारं. तिसरा, पॅरासिटामॉल. हो, तीच, जिच्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास टाकला होता. दिवसाला 2 ग्रॅम किंवा जास्त, सलग काही दिवस घेतली की वॉरफॅरिनवाल्यांचा आयएनआर चढतो. बाबा दिवसाला 500 च्या चार घेत होते.

"मग काढ्याचा हात किती?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही पहिल्या दिवशी फोन करून सांगितलं असतंत तर तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं असतं. मग तो कुणामुळे वाढला याच्याशी आपल्याला काय करायचं होतं?"

हे वाक्य मला यादीपेक्षा जड गेलं.

वॉरफॅरिन दोन दिवस बंद ठेवली, तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला, डाग हळूहळू हिरवा-पिवळा होत विरला. आत्याला मात्र सांगावं लागलंच. ती फोनवर गप्प झाली.

"म्हणजे दादाला माझ्यामुळे झालं?"

"तसं नाही गं आत्या. ताप होता, जेवण नव्हतं, ती गोळीही..."

"म्हणजे गोळीनंही होतं ना? मग काढ्याचंच का सांगतेस?"

तिचं चुकत नव्हतं. मी तिला चीनमधल्या संशोधक तू यूयू यांची गोष्ट सांगितली, काहीशी लाच म्हणून. मलेरियावर औषध शोधताना त्यांच्या चमूला चिनी वैद्यकातल्या एका वनस्पतीचे अर्क कधी लागू पडायचे, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या लिखाणात त्यांना सापडलं की ती वनस्पती मूठभर घेऊन पाण्यात भिजवायची आणि पिळून रस प्यायचा. उकळायची नाही! उष्णतेने गुण जात होता. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि 1971 मध्ये 191 क्रमांकाचा अर्क उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आत्या खूश झाली. "बघ, आमच्यासारखंच कुणीतरी." मग मी पुढचं सांगितलं, की त्या वनस्पतीतलं ते औषध, आर्टेमिसिनिनही यकृताच्या कामगारांना असं कामाला लावतं की थोड्या दिवसांत स्वतःच रक्तात कमी पोचू लागतं. त्यावर ती म्हणाली, "तुला चांगलं काही सांगायचंच नसतं."

पण पुढच्या खेपेला ती आली तेव्हा बाबांच्या गोळ्यांची वही तिने स्वतःहून मागितली. ती शंभर पानी वही बाबांनी झडप बसवल्यापासून ठेवली आहे: डावीकडे औषध, मधे मात्रा, उजवीकडे वेळ. सगळं निळ्या पेनाने, पट्टीने रेघा मारून. आत्या सांगत गेली आणि बाबा लिहीत गेले. गुळवेल. ज्येष्ठमध, त्यावर काट. सुंठ. मिरी.

"मात्रा काय लिहू?" बाबांनी विचारलं. पेन मधल्या रकान्यावर थांबलं होतं.

"अंदाजानं घालते मी."

बाबांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि वॉरफॅरिनच्या 5 मिलिग्रॅमच्या खाली, त्याच नीट अक्षरात लिहिलं: अंदाजाने.